कुर्याकोच्या नावाची टाचणी

एलिकुट्टी टीचर शिडीवर उभ्या राहून कोयत्याने दोरी कापत होत्या. दोरीला फ्लेक्स बांधलेला, आणि फ्लेक्सवर त्यांच्याच नवऱ्याचा चेहरा, खाटेएवढा मोठा. भर चौकात, सकाळच्या बसला माणसं जमलेली असताना. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. खाली चहावाला तंगप्पन शिडी धरून विनवत होता की टीचर, तुम्ही उतरा, मी काढतो, लोक बघतायत.

मी माझ्या जीपच्या बॉनेटवर बसले होते. या कामात मदत करणार नाही, असं मी टीचरना तोंडावर सांगितलं होतं. कारण तो फ्लेक्स मीच लावला होता. फोटो मी काढला, छापून मी आणला, दोरीच्या गाठीही माझ्याच. आणि गाठी मी अशा मारल्या होत्या की कोयता लागणारच.

एका बाजूची दोरी तुटली आणि कुर्याको अप्पच्चनचं कपाळ दुमडून त्यांच्याच मिशीवर आलं. बसमधलं एक पोरगं हसलं. मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मान आत घेतली. तेवढ्यात शिडी हलली. मग मात्र मी उठले आणि दुसरी बाजू धरली.

टीचर वरून म्हणाल्या, "तू मदत करणार नव्हतीस ना?"

"तुम्ही पडलात तर हॉस्पिटलात मलाच न्यायला लागणार. आधीच एक पेशंट आहे घरात, दुसरा मला परवडत नाही."

त्या हसल्या नाहीत. दुसरी दोरी कापायला लागल्या.

आता हे काय चाललं होतं ते सांगते.

एलिकुट्टी टीचर आमच्या आनक्कल्लच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी नववीत नापास झाले आणि परत गेलेच नाही. बाकीचे सगळे मास्तर घरी येऊन आईला रडवून गेले. टीचर आल्या, काळा चहा प्यायल्या आणि आईला म्हणाल्या की हिला बाकावर बसवणं म्हणजे माकडाला पिशवीत घालणं आहे, गाडी शिकवा. त्या दिवसापासून टीचरविरुद्ध कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. बोलायचे लोक. तिला वेड लागलंय म्हणायचे. कारण टीचर रविवारी प्रार्थना संपली की चर्चमधून थेट ओढ्यावर जायच्या, हातात मच्छरदाणीच्या कापडाची जाळी घेऊन, टाचण्या पकडायला.

टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. ओढ्याकाठी गवतावर बसते, बसली की पंख मिटून घेते, आणि अंगाने खरंच टाचणीएवढीच. आमच्या भाषेत सगळ्यांना तुंबीच म्हणतात, लहान काय नि मोठी काय. पण टीचरना त्यातल्या सगळ्या जणी वेगवेगळ्या ओळखू यायच्या. हिचा नर कसा, मादी कशी, नराच्या शेपटीच्या टोकाला चिमटे असतात ते सरळ की वाकडे. तीस वर्षं त्यांनी ते चिमटे बघितले.

आणि तीस वर्षं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली कुर्याको अप्पच्चननी.

वयस्क माणसाला आम्ही मानाने अप्पच्चन म्हणतो, आणि टीचर नवऱ्याला अच्चायन म्हणायच्या. अप्पच्चन सरकारी बसवर कंडक्टर होते. उंच, काटक, मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. पुळिक्कल कुर्याको. आमच्याकडे आधी घराचं नाव लागतं, मग माणसाचं. त्यांच्या कातडी पिशवीत एका खणात तिकिटं आणि दुसऱ्या खणात कागदाच्या तिकोनी पुड्या. टाचणी पकडली की तशा पुडीत ठेवायची असते, पंख मोडू नयेत म्हणून. बस घाटात बंद पडली की प्रवासी शिव्या द्यायचे आणि अप्पच्चन दरीत उतरायचे. एकदा घाईत एका बाईला सुट्ट्या पैशांऐवजी पुडी दिली. बाईने घरी जाऊन उघडली, आत निळी टाचणी. दुसऱ्या दिवशी ती भांडायला आली तर अप्पच्चननी पैसे नंतर दिले, आधी पुडी परत मागितली.

पेन्शन घेतल्यावर ते टीचरचे पूर्णवेळ कंडक्टर झाले. विलायतेतून, जपानातून टाचण्यांवरचे लेख यायचे, ते इंग्रजी लेख मोठ्याने वाचायचं काम त्यांचं. अडखळत वाचायचे, पण वाचायचे. टीचर भिंगात डोळा घालून बसलेल्या, आणि हे शेजारी खुर्चीत, स्टॉपची नावं पुकारावी तशी टाचण्यांची नावं पुकारत. मग त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा खालच्या गावी रक्त शुद्ध करून घ्यायला न्यायचं, ते काम माझं झालं. जीपमध्ये मागे बसत नसत. पुढे बसायचे आणि प्रत्येक वळणावर मला सांगायचे, "मोळे, गिअर." पोरीला आम्ही मोळे म्हणतो. मी सांगायचे, अप्पच्चन, तुम्ही कंडक्टर होतात, ड्रायव्हर नाही. ते म्हणायचे, म्हणून तर इतके ड्रायव्हर माझ्या हाताखालून गेले.

आमच्या लोकांत नावाचा एक कायदा आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्या मुलाला आईच्या बापाचं. हौस म्हणून काहीही हाक मारा, चिंटू म्हणा, टोनी म्हणा, पण बाप्तिस्म्याला हेच. टीचर आणि अप्पच्चनना एकच मुलगी, शीना, आयर्लंडात नर्स. तिला एकच मुलगा. त्याला नवऱ्याच्या बापाचं नाव लागलं. दुसरा झाला असता तर तो कुर्याको. पण शीनाने सांगून टाकलं होतं की दुसरं होणार नाही. यावरून घरात कधी भांडण झालं नाही. फक्त शीनाचा फोन ठेवला की अप्पच्चन परसात जाऊन मिरीच्या वेलांना उगाच पाणी घालत बसायचे, भर पावसातसुद्धा.

तर टीचरनी ठरवलं होतं की त्यांचं नाव टाचणीला द्यायचं.

आमच्या मुक्कन ओढ्यावर, धबधब्याच्या खाली, एक काळपट टाचणी होते. शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, ठिपक्यात काळी खाच. पुस्तकांत तिला वेगळं नाव नव्हतं. सगळे म्हणायचे, ही खालच्या सपाटीवरचीच, डोंगरात राहून काळवंडलेली. टीचर म्हणाल्या, नाही, ही वेगळी जात आहे. चिमटे वेगळे, पंखांच्या शिरा वेगळ्या, आणि दोघी एकाच ओढ्यावर भेटतात तिथेही एकमेकींशी सोयरीक करत नाहीत. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ते सगळं लिहून काढलं. वेगळी जात म्हटलं की वेगळं नाव हवं. नाव ठरलं, कुर्याकोई. लॅटिनमध्ये कुर्याकोची, असा त्याचा अर्थ.

एकच काटा होता. एका जुन्या यादीत एक ओळ होती. त्यात या डोंगरातल्या काळ्या टाचणीला 'निम्बोसा' म्हटलं होतं, आणि पुढे क्रॅडॉक असं एका मळेवाल्या साहेबाचं नाव. बस, एवढंच. टाचणी कशी दिसते, कुठे मिळाली, काही नाही. टीचरनी मला नियम सांगितला होता की नुसतं नाव लिहून ठेवलं आणि प्राण्याचं वर्णन केलं नाही, तर ते नाव उघडं असतं, कुणावर बंधनकारक नाही. वर्णन असेल तर ते त्या साहेबाने मळेवाल्यांच्या कुठल्यातरी मासिकात केलं असणार. ते मासिक टीचरनी सगळीकडे शोधलं. मळेवाल्यांच्या क्लबात होते ते अंक वाळवीने खाल्लेले. शेवटी त्यांनी लेखात लिहिलं की वर्णन मिळत नाही, म्हणून नाव उघडं समजते आणि नवीन देते. लेख मान्य झाला. छापून यायला काही महिने होते.

तरी कप्पा, म्हणजे उकडलेला साबुकंद, आणि मासळीचं कालवण वाढता वाढता त्या मधूनच म्हणायच्या, ते एक पान बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. अप्पच्चन ऐकायचे आणि जेवायचे.

मला कुठला धीर. मान्य झालं म्हणजे झालं. आमच्या गावात पोरगी बारावी पास झाली तरी फ्लेक्स लागतो, कबड्डीत तिसरा नंबर आला तरी लागतो. इथे तर माणसाच्या नावाची तुंबी होणार होती. मी टीचरना न विचारता फ्लेक्स लावला. वर लिहिलं, 'आनक्कल्लचा अभिमान, पुळिक्कल कुर्याको, आता जगाच्या नकाशावर.' एका कोपऱ्यात टाचणी, दुसऱ्या कोपऱ्यात माझी जीप आणि फोन नंबर. टीचर चिडल्या. छापून आलं नाही तोवर नाव बाहेर बोलायचं नसतं म्हणाल्या. पण अप्पच्चन त्या दिवसापासून रोज काठी टेकत चौकात यायला लागले. तंगप्पनच्या बाकावर बसून, स्वतःच्या चेहऱ्याखाली, चहा समोर ठेवून. डॉक्टरने पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, म्हणून चहा नुसता धरून बसायचे. बसमधून उतरणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि ते प्रत्येकाला सांगायचे की नाव माझं आहे पण काम तिचं आहे.

मग एक दिवस मुरुगेसन आला. हाही टीचरचा विद्यार्थी, वरच्या चहामळ्याच्या ऑफिसात कारकून. म्हणाला, बंगल्याच्या माळ्यावर जुने गठ्ठे होते, त्यात हे सापडलं. मासिकाची तीन पानं.

मी तिथेच होते, स्वयंपाकघरात, पळम्पोरी, म्हणजे केळ्याची भजी, खात. टीचरनी पानं वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. मग चुलीवरचं कालवण उतरवून ठेवलं. ते अजून शिजलं नव्हतं.

क्रॅडॉक साहेबाने सगळं लिहिलं होतं. धबधब्याच्या खाली, मुक्कन ओढा, जून महिना. अंग काळपट, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, ठिपक्यात काळी खाच. चित्रसुद्धा काढलं होतं, आणि मला राग याचा आला की चित्र चांगलं होतं.

मी म्हटलं, असू दे ना. तो तर नुसता प्रकार म्हणतोय, वेगळी जात कुठे म्हणतोय. टीचर म्हणाल्या की इतक्या जुन्या काळी प्रकार म्हटलेलंही उपजात म्हणूनच धरतात. आणि उपजातीला दिलेलं नाव ती मोठी होऊन स्वतःची जात झाली तरी तिच्याबरोबरच वर येतं. तेच नाव, त्याच माणसाचं, त्याच सालचं.

"जिस्मी, धाकटी बहीण वेगळी चूल मांडते तेव्हा तिचा परत बाप्तिस्मा करतात का?"

मी म्हटलं, नव्वद वर्षांत कुणी त्या नावाने तिला हाक मारली नाही, मग नाव मेलं नाही का? त्या म्हणाल्या, त्यालाही सूट आहे, पण ती फार जुन्या नावांसाठी, आणि नवीन नाव आधीच जगभर रुळलेलं असेल तर. आपलं अजून छापलेलंही नाही.

"फ्लेक्सवर छापलंय की."

"फ्लेक्सवर टाचणीचं वर्णन नाही. तुझ्या जीपचं आहे."

त्या तेवढं बोलल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खाणं थांबवलं. मी मग हळू आवाजात सांगितलं, जे मला खरोखर वाटत होतं ते. की पानं चुलीत घाला. मुरुगेसन माझं ऐकतो, त्याला मी गप्प करते. तो साहेब एका पावसाळ्यात आला, एक टाचणी पकडली, गेला. अप्पच्चननी तीस वर्षं जळवा काढल्या पायाच्या. यात न्याय कुठे आहे?

टीचरनी पानं सरळ केली, कडा जुळवल्या. म्हणाल्या, "मी लपवलं तर ते नाव किती टिकेल? पुढे कुणीतरी हे पान शोधेलच. मग साहेबाचं नाव वर जाईल आणि अच्चायनचं खाली, बारीक अक्षरात. आमच्याकडे मेलेल्या नावांची रांग असते जिस्मी, प्रत्येक जातीच्या खाली. आणि त्या रांगेत गेलेलं नाव जवळच्या जातींच्या त्या घराण्यात परत कुणाला देताही येत नाही. त्यांना मी स्वतःच्या हाताने तिथे नेऊन ठेवू?"

मी तरी भांडलेच. म्हटलं, मग निदान तुमचं नाव तरी येईल ना, वेगळी जात आहे हे तर तुम्हीच सिद्ध केलंत. त्या म्हणाल्या, नाही. प्राण्यांच्या नावापुढे पहिल्यांदा नाव देणाऱ्याचंच नाव लागतं. वेगळी जात म्हणून तिला वर कुणी उचललं, ते लागत नाही. फक्त साहेबाने तिला दुसऱ्या घराण्यात टाकलं होतं, घराणं नंतर बदललं, म्हणून त्याचं नाव कंसात जाईल.

"म्हणजे त्याचं नाव कंसात आणि तुमचं कुठेच नाही?"

"लेखावर आहे की."

"लेख कोण वाचतं?"

"अच्चायन वाचतात," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. टीचर रडताना मी कधी बघितल्या नव्हत्या. त्यांना नाव गेल्याचं दुःख नव्हतं, चौकातल्या बाकाचं होतं. हा माणूस रोज तिथे जाऊन बसतो, त्याला सांगायचं कसं. म्हणाल्या, आधी फ्लेक्स काढते, मग सांगते. आधी सांगितलं तर माझा हात उठणार नाही. मला म्हणाल्या, उद्या सकाळी ते झोपलेले असतील, तू काढशील का? मी म्हटलं, मी नाही काढणार. मारून टाकलंत तरी नाही.

म्हणून त्या शिडीवर होत्या.

फ्लेक्स उतरवला, गुंडाळला, जीपच्या मागे टाकला. घरी आलो. अप्पच्चन उठलेले होते. ओसरीवर खुर्चीत, अंगावर शाल, मिशी विंचरलेली, चौकात निघायच्या तयारीत. त्यांनी आधी गुंडाळी बघितली, मग टीचरच्या साडीला लागलेली शिडीची माती, मग माझं तोंड.

टीचर त्यांच्या पायाशी पायरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. वाकडंतिकडं नाही, वर्गात शिकवायच्या तसं. यादीतली ओळ, मुरुगेसनची पानं, वर्णन, नियम. शेवटी म्हणाल्या, "अच्चाया, माझी चूक झाली. पान न बघता मी नाव द्यायला निघाले."

अप्पच्चननी मिरीच्या वेलाकडे बघितलं. मग म्हणाले की चेहरा तसाही फार मोठा झाला होता, आणि तंगप्पन हल्ली चहाचे पैसे घेईना, त्यामुळे तिथे बसायची लाज वाटायला लागली होती. मग विचारलं, साहेबाने पकडली कुठे, धबधब्याच्या वर की खाली. टीचर म्हणाल्या, खाली. कधी? जूनमध्ये.

"जूनमध्ये खाली उतरला?" अप्पच्चन म्हणाले. "मग जळवांनी सोडला नसणार. असू दे. कमावलंय त्याने."

मी मध्येच बोलले की आता तो कंसात जाणार, आणि टीचरचं नाव तर कुठेच नाही. कंस म्हटल्यावर अप्पच्चनची मिशी हलली. त्यांनी मला समजावून सांगायला लावलं, मग स्वतःशीच मान डोलावली. "म्हणजे सीट मिळाली, पण दाराजवळची." त्यावर टीचर हसल्या, डोळे ओलेच होते तरी. आणि अप्पच्चननी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे चारचौघांत नवरे असं करत नाहीत. मी चारचौघांत धरली जात नसेन.

फ्लेक्सचं प्लास्टिक चांगलं होतं. त्या हिवाळ्यात टीचरनी त्यावर मिरी वाळत घातली, चेहरा खालच्या बाजूला करून. अप्पच्चन म्हणाले, उलटा, मला ऊन लागू दे. मग चेहरा वर केला आणि त्यावर मिरी पसरली.

लेख मात्र पुन्हा लिहावा लागला. नव्याने छापायचं तर साहेबाने ज्या टाचणीवरून वर्णन केलं ती बघायला हवी. नाव त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. टीचरनी विलायतेत विचारलं, इथे विचारलं, ती कुठेच नव्हती. मूळ नमुना हरवला असेल आणि घोटाळा व्हायची भीती असेल, तर नवीन नमुना नेमता येतो, त्याच जागेचा, आणि मग ते नाव कायमचं त्याला बांधलं जातं. टीचरकडे मुक्कन ओढ्याच्या शंभर तरी पुड्या होत्या. त्यांनी त्यातली एक निवडली. नर, धबधब्याच्या खालचा, जूनमधला. पुडी जुन्या वर्तमानपत्राची होती, घडी अप्पच्चनची.

अशा नमुन्याला लाल चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर जातीचं नाव आलं, निम्बोसा. साहेबाचं आलं, कंसात. खाली ओढ्याचं नाव, आणि त्याखाली, पकडणारा: पुळिक्कल कुर्याको. अप्पच्चननी भिंग मागून घेतलं आणि ते वाचलं. एवढ्या बारीक अक्षरात त्यांचं नाव पहिल्यांदाच छापलं गेलं होतं. पुढे कुणालाही जगात कुठेही शंका आली की निम्बोसा म्हणजे नक्की कोणती, तर त्याला हाच नमुना बघायला यावं लागणार, असं टीचरनी सांगितलं. अप्पच्चन म्हणाले, येईल त्याला जेवायला घाल.

नमुना मोठ्या शहरातल्या संग्रहालयात पोचवायला आम्ही तिघं गेलो. घाटभर मी इतकी हळू गाडी आयुष्यात चालवली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा अप्पच्चननी गिअर म्हटलं नाही. डबी त्यांच्या मांडीवर होती.

लेख छापून आला तेव्हा ते होते. टीचरनी शेजारी बसवून त्यांच्याकडूनच वाचून घेतला, पहिल्या ओळीपासून. चाळीस दिवसांच्या उपवासात ते गेले, ईस्टरच्या आधी. पुरण्याच्या वेळी शीना आयर्लंडाहून पोचली, तिचा मुलगाही आला. चर्चच्या अंगणात गर्दी इतकी की सरकारी बस अर्धा तास मागे थांबून राहिली आणि एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. टीचर अजून रविवारी ओढ्यावर जातात. छत्री मी धरते. मला टाचण्यांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण पाऊस आला तर छत्री कोणत्या बाजूला तिरकी करायची ते कळतं.

मागच्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि मुरुगेसनला मळ्यावर सोडायला मी निघाले होते, तर आम्ही रस्त्यात अडकून पडलो. जेसीबी येईपर्यंत बसायचंच होतं. मी त्याला सुनावत होते, जशी मी नेहमी सुनावते, की तू ती पानं माळ्यावरून काढली नसतीस तर अप्पच्चन त्यांच्या बाकावरून उठले नसते.

मुरुगेसन म्हणाला की त्याने काही काढलं नव्हतं. त्या माळ्यावर काय आहे हे त्याला माहीतही नव्हतं. फ्लेक्स लागल्यानंतर काही दिवसांनी कुर्याको अप्पच्चन स्वतः बंगल्यावर आले, त्याला गठ्ठे उतरवायला लावले, आणि एकेक अंक स्वतः चाळला. पान सापडल्यावर खिडकीशी उभे राहून त्यांनी ते अडखळत वाचलं, मोठ्याने, शेवटपर्यंत. मग घडी घालून मुरुगेसनच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे तुला सापडलं असं एलीला सांग.

मला न कळवता गेले होते. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, बसने, उभ्याने.